टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक

टाटा-मर्सिडीज-बेंझ ही टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) व जर्मनीची डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्यातून १९५४ पासून जमशेदपूर येथे तयार झालेली मालमोटार होय. १९६९ मध्ये करार संपला आणि दर्शनी भागावरील तीन टोकांचा तारा गेला.

लातूरचा रेल्वेमाल नॅरोगेजमुळे कुर्डुवाडीस ब्रॉडगेजच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. मोंढ्यातून थेट निघणारा ट्रक त्यापेक्षा सोयीचा होता. लातूर-नांदेडकडील ट्रकमालक कुटुंबांच्या आठवणीत या गाड्या आहेत, प्रत्यक्षात मात्र त्या क्वचितच दिसतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांनाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मालमोटारींना, त्या कितीही जपलेल्या असल्या तरी, ही नोंदणी उपलब्ध नाही.