वस्तादाचा हिशेब

२०२४ ची बकरी ईद १७ जूनला होती. पाचगणीत पाऊस नुकताच धरत होता. कुर्बानीचे वाटे पोहोचवून संध्याकाळी घरी येऊन टेकलो, तोच फोनवर बातमी आली. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना महासंघानं काढून टाकलं होतं. ईद मिळायला आलेला माझा एक जुना विद्यार्थी समोर बसला होता. आता साताऱ्यात डिप्लोमा करतो, कोल्हापूरच्या फुटबॉलचा वेडा. मी त्याला म्हणालो, "बरं झालं. पाच वर्षं वाया घालवली या माणसानं."

तो काही बोलला नाही. मोबाइलमध्ये बराच वेळ काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. ४ जुलै २०२३ च्या रात्री मी ठेवलेलं स्टेटस त्यानं जपून ठेवलं होतं. बंगळुरूत कुवेतला पेनल्टीवर हरवून भारतानं सॅफ चषक जिंकला, त्या रात्रीचं. स्टिमाच यांचा फोटो आणि खाली माझे शब्द : "उस्ताद असावा तर असा."

"सर, हे तुमचंच आहे ना?"

वर्गात मुलांना मी नेहमी सांगतो की इतिहास लिहिताना आजच्या रागलोभानं कालचा माणूस मोजू नका. तोच धडा माझ्या विद्यार्थ्यानं मला माझ्याच घरात दिला. त्या दिवसापासून दोन माणसांचा हिशेब डोक्यात घोळतोय. एक स्टिमाच आणि दुसरे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना सगळा हिंदुस्थान रहीम साहेब म्हणतो.

आधी स्टिमाच. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातला हा बचावपटू. मे २०१९ मध्ये तो आपला प्रशिक्षक झाला, तेव्हा जागतिक क्रमवारीत भारत १०१ वा होता. त्याच सप्टेंबरात आशियाई विजेत्या कतारला आपण त्यांच्याच घरी दोहात ०-० असं रोखलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मार्च २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं सहा गोल चढवले आणि त्याच लोकांनी त्याला खाली आपटलं. २०२३ हे त्याचं सोन्याचं वर्ष. इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरू इथल्या तीन स्पर्धा भारतानं जिंकल्या आणि जुलैत संघ ९९ व्या क्रमांकावर गेला. पण या तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर होत्या, हे आम्ही टाळ्या वाजवताना विसरलो. आणखी एक गोष्ट विसरलो. सॅफच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात स्टिमाच बाकावर नव्हतेच. त्या स्पर्धेत त्यांना दोनदा लाल कार्ड मिळालं होतं. बाकावर होते सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी. माझ्या स्टेटसमध्ये गवळींचं नावही नव्हतं.

मग उतार सुरू झाला. संघनिवडीआधी ज्योतिषाला खेळाडूंची यादी पाठवल्याची बातमी सप्टेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रात आली. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून भारत हरला. तीन सामन्यांत एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हार. आणि ११ जूनला दोहात कतारविरुद्ध तो शेवटचा सामना. छांगतेच्या गोलामुळे आपण पुढे होतो. तीच आघाडी टिकली असती तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत आपण पहिल्यांदाच गेलो असतो. पण ७३ व्या मिनिटाला रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारनं गोल केला, पंचांनी तो दिला, आणि नंतर दुसराही झाला. सहा दिवसांनी स्टिमाच गेले. भारत तेव्हा १२१ वा होता.

माझा विद्यार्थी मात्र त्यांची बाजू सोडायला तयार नव्हता. "सर, आपल्या अनिकेतला कुणी घेतलं?" २०२२ मध्ये कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला भारताच्या वरिष्ठ संघात संधी मिळाली, ती स्टिमाच यांच्याच काळात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की गाव लोटतं, पण त्या गर्दीतला कुणी भारताच्या जर्सीत दिसणं दुर्मिळच. त्या पोराचं स्टिमाच यांच्यावरचं प्रेम अनिकेतच्या एका जर्सीवर उभं होतं, माझा राग एका पराभवावर. दोघांपैकी कुणीच पूर्ण वही उघडली नव्हती.

आता रहीम साहेब. त्याच वर्षी रमजान ईदच्या सुमारास त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट आला होता. त्यामुळे स्टिमाच गेले तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच सूर होता : कुठे रहीम साहेब आणि कुठे हा! मीही असले दोन-चार संदेश पुढे ढकलले. पण त्या ईदच्या रात्री मला माझे नाना आठवले.

नाना तरुणपणी मुंबईला मदनपुऱ्यात राहत आणि सुट्टीच्या दिवशी कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहायला जात. कट्टर मोहामेडन स्पोर्टिंगवाले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला तो हैदराबाद सिटी पोलीस संघानं, आणि त्या संघाचे उस्ताद होते रहीम साहेब. नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ यावरून जेवणाच्या ताटावर भांडत. नानांची तक्रार ठरलेली : "हा माणूस हिंदुस्थानचा कोच आहे की हैदराबादचा?" भारताच्या संघात हैदराबादची पोरं भरतात ही कुरकूर त्या काळी नानांच्या ताटापुरती नव्हती, कोलकात्यात ती जास्त मोठ्यानं चाले. मामू सांगतात की १९६२ चं सुवर्णपदक आल्यावर नानांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले आणि त्यानंतर मरेपर्यंत हेच सांगितलं, "मी तर पहिल्या दिवसापासून रहीम साहेबांचा!" म्हणजे स्टेटस बदलण्याची सवय आमच्या घराण्यातच आहे.

रहीम साहेब माझ्याच पेशाचे. १९०९ चा जन्म, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, हैदराबादच्या शाळांमधून शिकवणारे मास्तर. १९५० मध्ये भारतीय संघ त्यांच्या हाती आला. पोलीस कारवाईला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. हैदराबाद शहर जखमी होतं. आपला मराठवाडाही तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, हे आज किती जणांच्या लक्षात असतं? त्या शहरातला एक मास्तर देशाचा संघ बांधायला निघाला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्याच आशियाई खेळांत इराणला १-० हरवून सुवर्ण मिळालं.

आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी. ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. चित्रपट पाहून येणाऱ्याला हा आकडा थोडक्यात कळतो, पण जरा थांबून विचार करा. आजच्या काळात दहा गोल खाल्लेल्या प्रशिक्षकाचं आम्ही काय केलं असतं? आणि तो प्रशिक्षक मुसलमान असता तर त्याला कोणकोणत्या शब्दांत देशप्रेमाचा दाखला मागितला गेला असता?

त्यांनी हार वाया जाऊ दिली नाही. महासंघानं बूट सक्तीचे केले. युरोपात हंगेरीचा संघ ज्या नव्या रचनेनं खेळत होता, ती रहीम साहेबांनी अभ्यासली आणि आपल्या पोरांना शिकवली. एका स्पर्शात पास, दोन्ही पायांनी खेळ. कमजोर पायाचा सराव ते मुद्दाम करून घेत. चार वर्षांनी १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानं ४-२ हरवलं. मुंबईत टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, पण हंगेरी आणि पेरूकडून हरून संघ गटातच बाद झाला. म्हणजे रहीम साहेबांचीही वही दोन बाजूंची होती.

मग जकार्ता, १९६२. फुफ्फुसाच्या कर्करोगानं पोखरलेले रहीम साहेब. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवण्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी बोलल्यामुळे यजमान प्रेक्षक भडकलेले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीम साहेबांनी आघाडीला खेळवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल, दोघांनी एकेक गोल केला. २-१. त्या अकरा जणांत पंजाबचा जर्नेल होता, बंगालचा चुनी गोस्वामी कर्णधार होता, हैदराबादचे युसूफ खान आणि बलराम होते, गोव्याचा फ्रँकोही होता. नानांची जुनी तक्रार या यादीपुढे फारशी टिकत नाही. पुढच्या वर्षी ११ जून १९६३ रोजी रहीम साहेब गेले. ६१ वर्षांनी त्याच तारखेला दोहात तो चेंडू रेषेबाहेर गेला. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

मग फरक कुठे पडला? पहिल्यांदा मला वाटायचं, वेळ द्यायला हवा. पण वेळ तर स्टिमाचनाही मिळाला होता, पाच वर्षं. फरक मला दोन ठिकाणी दिसतो.

पहिला, हार झाल्यावर बोट कुणीकडे जातं. स्टिमाच यांचं बोट नेहमी बाहेर जायचं, महासंघाकडे, क्लबांकडे, सरावाच्या दिवसांकडे. त्यातलं बरंचसं खरंही होतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत आपला संघ चीनविरुद्धच्या सामन्याच्या जेमतेम आदल्या दिवशी तिथे पोहोचला आणि ५-१ हरला. याला कोणता कोच काय करणार? पण आशिया चषकात तीन सामन्यांत गोल न होणं, त्याचं उत्तर सगळंच बाहेर सापडत नाही. रहीम साहेबांनी दहा गोलांनंतर आपल्या शिकवण्याची पद्धत बदलली. शिक्षक म्हणून मला हा फरक टोचतो. दहावीचा निकाल पडला की माझं पहिलं वाक्य काय असतं? "पोरं अभ्यासच करत नाहीत."

दुसरा फरक आपल्या सगळ्यांच्या गळ्यात येतो. रहीम साहेबांच्या मागे गावोगावच्या स्पर्धांची दाट झाडी होती. हैदराबादची स्थानिक लीग, संतोष ट्रॉफी, दिल्लीचा ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स. १८९१ पासून चाललेला हा रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. ज्या कूपरेजवर नाना भांडायला जायचे, तिथला तो चषक आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि महाराष्ट्रात फार कुणी हळहळलं नाही. कोच बदलण्यासाठी आपण रात्रभर लिहितो, स्पर्धा मेली तर एक ओळ लिहीत नाही.

कोल्हापुरात फुटबॉल संघांना तालीम मंडळ म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा. उस्तादाचा वस्तादही तिथेच झाला. शब्द एकच, पण मराठीनं त्याला मातीत उतरवलं. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असं म्हणतात. रहीम साहेबांनी बहुधा राखला नाही. त्यांच्या हाताखालचे पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या आशियाई खेळांत कांस्यपदक घेऊन आलेल्या संघासोबत होते. स्टिमाच यांचं असं काय उरेल, हे त्यांनी मैदानात उतरवलेली पोरं दहा वर्षांनी सांगतील.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, २०१७ मध्ये आयझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग जिंकून देणारे. लगेच आमच्या ग्रुपवर संदेश फिरला : रहीम साहेबांनंतर पहिल्यांदाच आपला माणूस! मी लिहिलं की मध्ये हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन होऊन गेले, आणि 'आपला' हा शब्द जपून वापरा. आज त्याला आपला म्हणून खांद्यावर घेतलंत, तर उद्या तो हरल्यावर दुसरं कुणी 'तुमचा' म्हणून त्याला झोडपेल आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल. त्याचा हिशेब कोच म्हणूनच होऊ द्या. काही जण नाराज झाले. एकानं ग्रुप सोडला.

१४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरनं आपल्याला २-१ हरवलं आणि पुढच्या आशिया चषकाचं दार बंद झालं. पहिला गोल आपला होता, तो पुन्हा छांगतेचाच. रात्री साताऱ्याहून मेसेज आला.

"सर, आज काय स्टेटस ठेवताय?"

मी लिहिलं, "आज काही नाही. रविवारी ये. वही काढून बसू."

तो आला. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारून आम्ही दोघं दोन तास बसलो होतो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. माझ्या डाव्या रकान्यात पहिलं नाव महेश गवळींचं होतं. ते त्यानं लिहायला लावलं.