ज्योतीवर चालणारा फ्रीज

मागे एकदा जूनमध्ये आई-बाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने डेथ व्हॅलीत गेलो होतो. दुपारी फ्रीज उघडला तर दूध कोमट, आणि शेजारीच बाबांचं इन्शुलिन! धावत जाऊन बर्फ आणला खरा, पण तो फ्रीज काही डोक्यातून जाईना.

मग त्याचा इतिहास काढला. घरच्या फ्रीजला कॉम्प्रेसर असतो, याला नाही. 1922 साली स्टॉकहोमला इंजिनियरिंग शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन पोरांनी हा जुगाड केला (हो, जुगाडच!). अमोनिया मिसळलेल्या पाण्याखाली ज्योत लावायची. अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या जाळीत निवून द्रव होते, आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते. शेवटी पाणी तिला परत शोषून घेतं. हलणारा भाग एकही नाही! 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणलं. आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनाही बिनमोटरच्या फ्रीजचं अमेरिकन पेटंट 1930 मध्ये मिळालं, पण तो बाजारात आलाच नाही. असो.

आमची गोची त्या जाळीतच होती. बाहेरच 45 अंश असेल तर अमोनिया निवणार कुठे? दुसऱ्या दिवशी फ्रीजची बाजू सावलीत येईल अशी गाडी लावली, तीही सपाट जागेवर, कारण गाडी तिरकी असली की आतला द्रव नीट वाहत नाही. मागच्या झरोक्यात छोटा पंखा बसवला, गरम हवा वर ढकलेल असा.

संध्याकाळी दूध गार होतं. बाबांनी इन्शुलिन मात्र शेवटपर्यंत थर्मासातच ठेवलं.