जीसीसी कंपायलरची बांधणी आणि लिंकरच्या मार्गांचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८७ मध्ये त्यातील जीसीसी हा कंपायलर प्रथम प्रसिद्ध झाला. मूळ संहिता हाती असल्याने तो कोणालाही स्वतः बांधता यावा, हे या चळवळीचे तत्त्व होते. प्रत्यक्षात मात्र लिंकरला आवश्यक फाइल न सापडणे ही अडचण वारंवार उद्भवली. तिचे मूळ बांधणाऱ्याच्या अज्ञानापेक्षा प्रणालीच्या बदलत्या रचनेत अधिक आढळते.

विवेचन :
जीसीसीची बांधणी सामान्यतः तीन टप्प्यांत होते. संगणकावरील जुना कंपायलर नवा कंपायलर घडवितो. नवा कंपायलर पुढे स्वतःलाच दोनदा घडवितो आणि अखेरच्या दोन टप्प्यांची फलिते ताडून पाहिली जातात. म्हणजे नुकतेच तयार झालेले साधनच लगेच कामास जुंपले जाते.

२००८ मधील ४.३ आवृत्तीपासून जीएमपी व एमपीएफआर, तर २०१० मधील ४.५ आवृत्तीपासून एमपीसी ही गणिती लायब्ररी अनिवार्य झाली. या लायब्ररी वेगळ्या ठिकाणी ठेवल्यास त्यांचा मार्ग बांधणीच्या वेळी लिंकरला सांगता येतो. परंतु कार्यक्रम चालू करताना लायब्ररी शोधणारा लोडर वेगळा असतो व त्याला हा मार्ग ठाऊक नसतो. परिणामी नवा कंपायलर सुरूच होत नाही आणि ‘ऑब्जेक्ट फाइलचा प्रत्यय ठरविता येत नाही’ अशा आशयाचा दिशाभूल करणारा संदेश मिळतो. खरे कारण कॉन्फिग.लॉग या नोंदवहीत सापडते. एलडी_लायब्ररी_पाथ हे चल योग्य रीतीने ठरविणे अथवा या लायब्ररींची संहिता जीसीसीच्याच संहितेत ठेवून एकत्र बांधणे, हे त्यावरील उपाय होत.

दुसरा प्रसंग २०११ चा. उबुंटू ११.०४ मध्ये बहुरचना पद्धती आली आणि सी लायब्ररीच्या फाइली प्रोसेसरच्या नावाच्या उपनिर्देशिकेत गेल्या. जुन्या जीसीसीची संहिता जुन्याच जागी शोध घेत असल्याने सीआरटीआय.ओ ही आरंभीची फाइल सापडेनाशी झाली. फाइल संगणकावर होती. बदलला होता तो तिचा पत्ता. लायब्ररी_पाथ या चलात नवा पत्ता दिल्यावर बांधणी पुढे सरके.

निष्कर्ष :
बांधणीच्या वेळचा शोध व चालविण्याच्या वेळचा शोध यांतील भेद ओळखणे, ही निदानाची पहिली पायरी ठरते. संहिता खुली असणे आणि ती बांधता येणे यांत अंतर आहे. मार्गांविषयीचे ज्ञान अध्यापनात आले, तरच ते अंतर कमी होऊन संहितेचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.