उत्पादन-पृष्ठ आणि शोधयंत्र : साक्षीच्या ग्राह्यतेचा इतिहास (१९९५ ते २०२४)

प्रस्तावना :
आंतरजालावरील दुकानात वस्तू हाताळून पाहता येत नाही. ग्राहकासमोर असते ते केवळ एक पान. त्यावर वस्तूचे नाव, चित्र, वर्णन आणि किंमत. हे उत्पादन-पृष्ठ शोधयंत्राच्या निकालांत वरच्या क्रमांकावर यावे यासाठी केल्या जाणाऱ्या प्रयत्नांना 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणतात. हा विषय सामान्यतः संगणकशास्त्राचा किंवा विपणनाचा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. वस्तूविषयी कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

विक्रेत्याची साक्ष :
१९९५ च्या जुलैमध्ये अमेझॉनचे पुस्तकांचे दुकान सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र खुले झाले. त्या काळातील शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरील शब्दांवर विसंबून होती. साहजिकच काही विक्रेते एकच शब्द पुनःपुन्हा लिहू लागले, तर काही पार्श्वभूमीच्याच रंगात शब्द दडवू लागले. 'मेटा कीवर्ड' या अदृश्य खुणेचाही असाच गैरवापर झाला. आपण ही खूण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे स्पष्ट केले.

इतरांची साक्ष :
स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीत इतर पानांनी दिलेल्या दुव्यांना महत्त्व आले. संशोधनलेखाचे मोल इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून ठरवावे, या विद्याक्षेत्रातील प्रथेशी तिचे नाते होते. परंतु दुव्यांचीही खरेदी-विक्री सुरू झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रीसंस्थेचे प्रकरण उघडकीस आणले. विषयाशी संबंध नसलेल्या असंख्य संकेतस्थळांवर तिच्या पानांचे दुवे पेरलेले होते. संस्थेने यास आपली संमती नसल्याचे सांगितले. तरी गूगलने तिची पाने खालच्या क्रमांकावर नेली. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' हा बदल अशाच कृत्रिम दुव्यांविरुद्ध होता.

मात्र अशा उपायांची झळ लहान विक्रेत्यांनाही बसली. नोव्हेंबर २००३ मध्ये, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, 'फ्लोरिडा' नावाने ओळखल्या गेलेल्या बदलामुळे अनेक लहान दुकानांची पाने निकालांतून मागे पडली. त्यांना दाद मागण्यासाठी कोणतेही पीठ उपलब्ध नव्हते, ही बाब लक्षणीय आहे.

रचनाबद्ध माहिती :
एकाच वस्तूची रंग व आकारानुसार अनेक पाने तयार होत आणि उत्पादकाने पुरविलेले वर्णन शेकडो दुकाने जसेच्या तसे छापत. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी समान पानांपैकी मूळ पान कोणते हे दर्शविणारी 'कॅनॉनिकल' खूण मान्य केली. जून २०११ मध्ये त्याच तीन संस्थांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' हा उपक्रम सुरू केला. त्यामुळे किंमत, उपलब्धता आणि ग्राहकांचे अभिप्राय यंत्राला समजेल अशा ठराविक रचनेत मांडता येऊ लागले. विक्रेत्याच्या शब्दाला आता ग्राहकाच्या शब्दाची जोड मिळाली; अर्थात बनावट अभिप्रायांचा प्रश्नही त्यासोबतच आला.

मध्यस्थाचे हितसंबंध :
गूगलने २००२ मध्ये 'फ्रूगल' ही वस्तुशोधाची विनामूल्य सेवा सुरू केली. २०१२ मध्ये अमेरिकेत तिच्या उत्तराधिकारी सेवेतील स्थान सशुल्क झाले आणि २०२० मध्ये विनामूल्य नोंदींना पुन्हा वाव देण्यात आला. दरम्यान, स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला निकालांत अनुचित प्राधान्य दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला सुमारे २४२ कोटी युरोंचा दंड केला. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो कायम ठेवला. साक्षींची पारख करणारा मध्यस्थ स्वतःच बाजारातील एक पक्ष आहे, ही गोष्ट या निर्णयाने अधोरेखित झाली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर विश्वासाचे एक नवे प्रमाण स्वीकारले गेले आणि ते प्रमाण मूल्यवान ठरताच त्याची नक्कल होऊ लागली. ही प्रक्रिया केवळ विक्रेत्यांच्या अप्रामाणिकपणाने स्पष्ट होत नाही. क्रमवारीचे नियम ठरविणे, ते बदलणे आणि त्यांनुसार शिक्षा करणे हे तिन्ही अधिकार एकाच खासगी संस्थेकडे एकवटले, हेही त्याचे महत्त्वाचे कारण होय. म्हणूनच उत्पादन-पृष्ठाचा इतिहास हा तंत्राइतकाच बाजारातील न्यायाचाही इतिहास आहे. वाणिज्य, विधी आणि इतिहास या विद्याशाखांनी त्याचा एकत्रित अभ्यास करणे आवश्यक आहे.