मैदानावरील श्रमाचे मोजमाप

व्यायाम किती करावा आणि कोठे थांबावे, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अर्ध्या बळानेच व्यायाम करावा असे सांगून सुश्रुताने हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागणे ही अर्धे बळ खर्ची पडल्याची खूण दिली. आज व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पाठीवर बसविलेले लहानसे यंत्र तेच काम आकड्यांनी करते. या दीर्घ वाटचालीतील दोन धागे हैदराबाद शहरात अगदी शेजारी आले होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

पहिला धागा तारनाक्याचा. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे आरंभिलेल्या संशोधनकार्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उदयास आली. डॉ. पटवर्धन हे तिचे संचालक असताना, १९५८ साली, ती उस्मानिया विद्यापीठालगत तारनाक्यास आली. १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव आहे. श्रम करणारा मनुष्य किती प्राणवायू खर्च करतो हे श्वास पिशवीत साठवून मोजण्याची रीत डग्लस यांनी १९११ साली रूढ केली होती. एक लिटर प्राणवायू म्हणजे सुमारे ५ किलोकॅलरी, असा तो हिशेब. तारनाक्याच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत पाथरवट व शेतमजूर यांच्या श्रमाचा आणि आहाराचा असाच ताळा मांडला.

दुसरा धागा सय्यद अब्दुल रहीम यांचा. उस्मानियाचे पदवीधर आणि पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला. तेव्हाचे आपले देशांतर्गत सामने ९० मिनिटांहून कमी वेळाचे असत आणि अनेक खेळाडू अनवाणी खेळत. या अनुभवानंतर दम, चपळाई आणि झटपट पास यांना महत्त्व आले. रहीम दुबळ्या पायानेच खेळण्याच्या, चेंडू पायाशी न घोळविण्याच्या स्पर्धा भरवीत. यंत्र नव्हते, नजर हेच त्यांचे मापक. १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला. मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल केले. १९६२ साली जकार्तास जखमी जर्नेलसिंग यांना बचावफळीतून आघाडीस आणण्याचा निर्णयही त्याच नजरेचा. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला; त्यांतील एक गोल जर्नेलसिंग यांचा होता.

त्याच काळी इंग्लंडात चार्ल्स रीप १९५० पासून प्रेक्षकांत बसून पेन्सिलीने प्रत्येक पास टिपीत होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, परंतु टिपणे राहिली म्हणूनच तो वाद होऊ शकला. १९७६ साली टॉम रायली व सहकाऱ्याने एव्हर्टनचे खेळाडू एका सामन्यात सरासरी पावणेनऊ किलोमीटरांच्या आसपास अंतर कापतात असे दाखविले. कोण चालला, कोण धावला, कोण वेगाने झेपावला, असे त्यांनी प्रकार पाडले. २०१५ पासून सामना चालू असताना मापनयंत्र अंगावर बाळगण्यास खेळाच्या नियमांनी मुभा दिली. आता अंतर, वेग व हृदयाचे ठोके क्षणोक्षणी नोंदविता येतात.

रहीम ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने निवर्तले. तारनाक्यास प्रयोगशाळा येऊन तेव्हा अवघी ५ वर्षे झाली होती. पाथरवटाचा श्रम तेथील वहीत उतरला. रहीम यांच्या खेळाडूंचा श्रम मात्र बहुतांशी शिष्यांच्या आठवणींतच राहिला. आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला त्यानंतर १९७० चे कांस्यपदक तेवढे लाभले. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, पण गुरूबरोबर विद्या जाणे हे त्यांतील एक खासच होय. २०२२ साली हैदराबादच्या संघाने मडगावनजीक फातोर्ड्यास इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा अशी यंत्रे व्यावसायिक संघांच्या नित्य वापरातली झाली होती. मंदिराचा जीर्णोद्धार करताना जुन्या कारागिराची मापे जपून ठेवावीत, तद्वत गुरूची नजर आणि नोंदवही या दोहोंचा मेळ घालणे, हाच या इतिहासाचा बोध आहे.