मोड आणि इतिहासाचीं साधनें

जुनें भांडें देऊन नवें घेण्यास मराठींत ‘मोड घालणें’ म्हणतात. ‘मोडींत काढणें’ हा वाक्प्रचार याच व्यवहारांतला. (मोडी लिपीशीं याचा संबंध जोडण्याचा मोह वाचकांनीं आवरावा.) तांबट-कासारांकडे याची रीत ठरलेली असे. जुनें भांडें तोलावयाचें, काजळी, कल्हई व जोड यांबद्दल घट धरावयाची, उरलेल्या वजनाची मोडीच्या भावानें किंमत करून ती नव्या भांड्याच्या किंमतींतून वजा घालावयाची, बाकी रोख. त्या तोलांत भांड्याच्या वयास किंमत नव्हती, आणि त्यावर कोरलेल्या अक्षरांस तर मुळींच नव्हती.

आम्हांस सांगावयाचें तें या अक्षरांविषयीं. लग्नमुंजींत आहेर केलेल्या भांड्यांवर देणाराचें व घेणाराचें नांव, गांव, क्वचित् तिथि व शकही घालीत. देवळांतील समया व घंटा यांवरही असे लेख आढळतात. वंशावळींत एखाद्या पुरुषाचा काळ संशयित असतां शक घातलेलें एक घंगाळ तो वाद मिटवूं शकतें; नकलाकाराच्या चुका त्यांत शिरत नाहींत. मात्र सुस्थितींतील भांडें मोडींतून पुन्हां विकलें जाऊं शकतें. सबब लेखांतील घराणें आणि भांडें सांपडलेलें घर एकच, असें गृहीत धरूं नये.

ताम्रपटांचें दुर्दैव याहून मोठें. दान चिरकाल चालावें म्हणून तांबें निवडलें. पण राजवंश बुडाला, भूमि परहस्तें गेली, कीं तो पत्रा म्हणजे नुसती मोड. मुशींत काय नष्ट होतें याची कल्पना नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या नाण्यांवरून येते. तेरा हजारांहून अधिक चांदीच्या त्या नाण्यांपैकीं नऊ हजारांवर नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. त्यानें तीं वितळविलीं असतीं तर क्षहरातांच्या पराभवाचा हा पुरावा उरता ना. छापाखालीं जुना मुखवटा राहिला, म्हणून आज तो वाचतां येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्टेनलेस स्टील घरोघर आलें, तेव्हां पितळी हंडे व तांब्याच्या घागरी याच वाटेनें गेल्या. जीं उरलीं तीं बहुधा माळ्यावर आहेत. संग्राहकांनीं पोथ्यांचीं दप्तरें मागावयास जावें तेव्हां हीं भांडींही उतरवावयास सांगावीं, आणि चिंच लावून घांसण्यापूर्वीं त्यांच्या कांठावरील अक्षरांचे ठसे घ्यावे.