संघराज्यात्मक लोकशाही संविधान : सायखेडा (ता. निफाड, जि. नाशिक)

लोकनियुक्त सरकारांच्या निरनिराळ्या पातळ्यांत सत्तेची वाटणी करणारा आणि ती कुणा एकाला परस्पर मोडता येऊ नये अशी तजवीज करणारा मूलभूत कायदा. भारतात ही वाटणी सातव्या अनुसूचीतील संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूचीने होते (अनुच्छेद २४६).

गोदाकाठच्या सायखेड्यात या सूचींचा खरा अर्थ कांदा सांगतो. शेती आणि बाजार राज्यसूचीत (नोंदी १४, २८) असल्याने पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा उपबाजारातले लिलाव राज्याच्या पणन कायद्याने चालतात. अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीत येतो (नोंद ३३), तर निर्यात संघसूचीत (नोंद ४१). केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी अटींसह खुली केली. दोन्ही वेळा राज्याची संमती घेण्याचे घटनात्मक बंधन नव्हते. भाव पडला की राग लिलावाच्या ओट्यावर निघतो. तो समजण्यासारखा आहे, पण निर्यातीचा जाब दिंडोरीच्या खासदाराला आणि बाजाराचा निफाडच्या आमदाराला विचारायला हवा. कोणता विषय कुणाकडे आहे हे ठाऊक असलेला मतदारच या वाटणीचा खरा राखणदार असतो. गोदावरीचे पाणीही असेच विभागलेले आहे : सिंचन राज्याकडे, आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेकडे.

सातवी अनुसूची बदलण्यास संसदेच्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते (अनुच्छेद ३६८). बोम्मई खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य हे संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानले. तरी तराजू केंद्राकडे झुकलेलाच आहे. राज्यांच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते (अनुच्छेद ३). १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्यही संसदेच्याच कायद्याने अस्तित्वात आले.

सर्वांत दुबळी पातळी गावाची. ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले. पण त्यांतले अधिकार किती द्यायचे हे राज्य विधिमंडळ ठरवते (अनुच्छेद २४३-छ). मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे अनुच्छेद २४३-ङ नुसार बंधनकारक असूनही, मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या नाशिक जिल्हा परिषदेचा कारभार पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होता.